आधी डाग, मग नारिंगी

२ फेब्रुवारी

बारके,

आशीर्वाद लिहीत नाही. मागच्या मेसेजमधले पोचल्याचं तू कळवलं नाहीस, आणि माझ्याकडे काही त्यांचं कोठार नाही. कामाचं तेवढं लिहिते.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस, कारण समोर दोन निळ्या खुणा उमटतात, आणि त्या खुणांइतकी उद्धट गोष्ट मी दुसरी पाहिलेली नाही. म्हणून हा कागद. कागद फेकून द्यायचा असला तरी आधी हातात घ्यावा लागतो. पत्ता तुझ्या नेत्र-रुग्णालयाचा घातलाय. घरचा मला माहीत नाही. पोस्टातल्या बाईने विचारलं, "रुग्णालयाचाच पत्ता? कोण लागतात तुमच्या?" मी म्हटलं, "सख्खी धाकटी बहीण." तिने ज्या नजरेने माझ्याकडे पाहिलं, ती नजर तुझ्या वाट्याची होती. मी उगाच खाल्ली.

तर काम असं आहे. विज्ञान संग्रहालयात नवं दालन होतंय, दूरदूरच्या सूर्यांचं. त्यातलं मधलं, फिरणारं मॉडेल आपल्या कारखान्याकडे आलंय: एक नारिंगी बटुतारा आणि त्याच्याभोवती फिरणारा महाकाय ग्रह. मार्चअखेर दालन उघडणार. बटू म्हणजे ठेंगू. या ठेंगूचा गोळा मला कवेत घेता येत नाही, आणि तो महाकाय त्याच्यापुढे पोरांच्या चेंडूएवढा. मी विचारलं, "पाट्यांची अदलाबदल झाली की काय?" संग्रहालयाच्या शास्त्रज्ञ बाई म्हणाल्या, "ताऱ्यांमध्ये तो ठेंगू, ग्रहांमध्ये हा महाकाय. ज्याला त्याला आपापल्या घरात मोजायचं." या बाईंच्या गळ्यात दोन चष्मे लटकत असतात आणि डोळ्यांवर एकही नसतो. मी त्यांना दुर्बीणबाई म्हणते, मनात. बाबा तोंडावर म्हणतात.

लोखंड, मोटार, दातेरी चाकं माझ्याकडे, रंग तुझ्याकडे. आपलं असंच होतं. हे तुला सांगायची गरज नाही, पण तू गेल्यापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगावं लागतं, म्हणून तोंडात बसलंय. गोळा तयार आहे, पारदर्शक ॲक्रिलिकच्या दोन अर्ध्या वाट्या, आत दिवा. घोडं अडलंय ते रंगापाशी. बाई म्हणतात सिग्नलचा नारिंगी नको, गाजराचा नको, आगीचा तर मुळीच नको. सूर्यापेक्षा लहान, सूर्यापेक्षा थंड, पण सूर्यापेक्षा कितीतरी जास्त काळ जगणारा तारा आहे. त्याला घाई नसते, तसा रंग हवा. आता घाई नसलेला नारिंगी कुठल्या डब्यात मिळतो ते तूच सांग.

तू हल्ली कृत्रिम डोळे रंगवतेस म्हणे. लोकांच्या डोळ्यांतले तपकिरी, घारे, हिरवट रंग जुळवतेस, मग एक नारिंगी काय जड आहे? कुठले रंग किती घ्यायचे ते एका कार्डावर लिहून पाठव. गप्पा मारू नकोस, तेवढंच लिही.

बाबा बरे आहेत. रोज कारखान्यात येऊन त्यांच्या खुर्चीत बसतात. एकच गोष्ट पुन्हापुन्हा विचारतात, पण या वयात सगळेच विचारतात.

ताई

ता. क. तुझ्यावाचून अडलंय असं समजू नकोस. विचारून ठेवतेय.


११ फेब्रुवारी

बारके,

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथे हरी पाय धरून बसलाय आणि गाढव लाथसुद्धा मारत नाही.

कार्ड आलं नाही, म्हणून मी स्वतः रंगवलं. पहिल्या हातात भोपळा झाला. दुसऱ्या हातात आजारी भोपळा. आतला दिवा लावला तर ब्रशचा एकेक फटकारा दिसायला लागला, जणू भिंतीला चुना मारलाय. बाबा बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "टाकी चांगली झालीये. पाणी कधी भरायचं?" ते चेष्टा करत होते की नाही, हे मला हल्ली कळत नाही.

आणि तेवढ्यात दुर्बीणबाई आल्या. रंगाबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत, यावरूनच रंगाचं काय झालं असेल ते ओळख. मशीन चालू करायला सांगितलं. मी बटण दाबलं. ग्रह लांब दांडीवरून फिरू लागला आणि मधोमध तारा उभा, हलण्याचा लवलेश नाही. झोपलेल्या भोवऱ्यासारखा. तुला माहीत आहे, माझ्या हातचं मशीन कधी थरथरत नाही. बाबांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती हीच: काचेचा पेला काठोकाठ भरून टेबलावर ठेवायचा आणि पाणी हललं तर काम परत करायचं. मी पेला ठेवला होता. पाणी हललं नाही.

बाई म्हणाल्या, "हे चुकलंय."

"काय चुकलंय?"

"तारा हलत नाहीये."

"हलू नये म्हणून तर एवढी मरमर केली."

"तारा हलतोच," त्या म्हणाल्या. "लोकांना वाटतं ग्रह ताऱ्याभोवती फिरतो. खरं तर दोघंही त्यांच्यातल्या एका बिंदूभोवती फिरतात. तो बिंदू ताऱ्याच्या जवळ असतो, पण ताऱ्याच्या मध्यावर नसतो. म्हणून तारा डगमगतो. हा ग्रह अजून कुणी डोळ्यांनी पाहिलेलाच नाही."

"मग आहे कशावरून?"

"तारा डगमगतो त्यावरून."

दिसत नाही आणि तरी सगळं डगमगवतो असा कुणीतरी असतो, हे मला कुणी शिकवायला नको. त्यासाठी दुर्बीण लागत नाही. आयुष्यभर जी थरथर काढत आले ती आता मुद्दाम घालायची, तीही मापात. भीक नको पण कुत्रा आवर अशी गत झालीये माझी.

बाबांनी आज दोन पायांत दोन वेगळे बूट घातले होते. मी बदलायला सांगितले तर म्हणाले, "दोन्ही माझेच आहेत ना?"

रंगाचं कळव.

ताई


२० फेब्रुवारी

बारके,

तारा हलला. इतका हलला की टेबल घेऊन दाराकडे चालायला लागला.

झालं असं. ताऱ्याच्या आसाचं भोक मधोमध न पाडता चार बोटं बाजूला पाडलं. खरी डगमग इतकी नसते, पण पोरांना लांबून दिसायला हवी, म्हणून बाईंनीच वाढवून घेतली. ड्रिल लावताना हात धजेना. इतकी वर्षं मध्य शोधला आणि आता मध्य समोर दिसत असताना तो सोडून भोक पाडायचं. पाडलं. बटण दाबलं. पहिली फेरी बरी गेली, दुसऱ्या फेरीला बोल्ट कुरकुरले आणि तिसरीला सगळा डोलारा थडथडत निघाला. बाबा खुर्चीतून ओरडले, "धर त्याला, पळतोय!" मी धरला. माझ्या कोपराला अजून निळं आहे.

मग मी एक युक्ती केली. टेबलाखाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी, ताऱ्याच्या उलट बाजूला लोखंडी वजन बांधलं. मशीन गप्प. मीही गप्प. दुर्बीणबाई आल्या, खूश झाल्या, निघाल्या, आणि निघता निघता त्यांचा एक चष्मा खाली पडला. तो उचलायला वाकल्या त्या थेट टेबलाखाली. माझं नशीबच असं.

"हे वजन कशाचं?"

"तोल सांभाळायला."

"आकाशात टेबलाखाली काही नसतं हो."

"मग तिथे तोल कोण सांभाळतं?" मी जरा तावातच विचारलं.

"ग्रह." मग त्यांनी माझ्या ग्रहावर टिचकी मारली. तो डब्यासारखा वाजला. "हा पोकळ आहे?"

"शोभेचा आहे. नुसता फिरायला."

"म्हणूनच तुमचा तारा पळतो. जे काम याचं आहे ते याला करू द्या ना."

उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय, असं मनात म्हणत मी त्यांना दारापर्यंत सोडलं. पण घरी जाताना वाटभर तेच डोक्यात. सकाळी येऊन ग्रह उघडला, आत शिशाच्या गोळ्या भरल्या, वर रेझिन ओतलं, दांडीवर चढवला, बटण दाबलं. कमी पडलं. अजून भरलं. पुन्हा कमी. टेबलाखालचं वजन तर कधीच काढून फेकलं होतं. आणि मग एका भरण्याला टेबलाची कुरकुर थांबली. तारा डोलू लागला, आणि त्याच्या बरोबर समोर, दांडीच्या टोकाला, तो चेंडू. मी पेला ठेवून पाहिला. तारा हलत होता आणि पाणी हलत नव्हतं. असं मशीन मी जन्मात केलं नव्हतं.

तू तिथे असायला हवी होतीस. हे लिहायचं नव्हतं, लिहिलं गेलं.

आता एक गोष्ट विचारतेच. दुर्बीणबाईंनी परवा संग्रहालयातलं आपलं जुनं हृदयाचं मॉडेल दुरुस्तीला आणलं. उघडलं तर आत, झाकणाच्या पोटाला, तीन अंगठे. बाबांचा, माझा, आणि तुझा, तेव्हाचा, बोराएवढा. बाई विचारू लागल्या. मला सांगावं लागलं, की आमच्याकडे पद्धत आहे. मॉडेल कायमचं बंद करायच्या आधी ज्यांनी ते केलं त्यांचे अंगठे रंगात बुडवून आतून उमटवायचे. बाहेरून कुणाला दिसत नाही, पण सगळे अंगठे झाल्याशिवाय झाकण लागत नाही. "किती छान," बाई म्हणाल्या. छान! याच छान पद्धतीपायी माझी बहीण घर सोडून गेली, हे मी त्यांना सांगितलं नाही.

कानाच्या मॉडेलात तुझा अंगठा राहिला, कबूल. तो सगळा आतला कान तू रंगवला होतास, हेही कबूल. पण एका अंगठ्यासाठी कुणी बहिणीशी बोलणं टाकतं का गं? विचारलंस, "माझा अंगठा?" मी म्हटलं, "राहिला." त्यावर एक प्रश्न तरी विचारायचास. कसा राहिला, कुणी झाकण लावलं, काहीतरी. तू काही विचारलं नाहीस, ब्रश धुतलेस आणि गेलीस. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी कुठल्या तोंडाने देणार होते?

रंग.

ताई


१ मार्च

बारके,

खोकं मिळालं. वर तुझं अक्षर, आत कापूस, कापसात डोळा.

खोकं बाबांनी उघडलं आणि ते दचकून खुर्चीत बसले. मग मी पाहिलं. कृत्रिम डोळ्याची वाटी, पण बुबुळ नाही, पांढरं नाही, सगळी नारिंगी. पत्र नाही. चिठ्ठी नाही. खोकं उलटं करून झटकलं, कापूस पिंजून पाहिला. एक ओळ लिहायला तुझा हात मोडला असता का? "ताई" एवढी दोन अक्षरं? डोळा पाठवलास, म्हणजे काय, नजर ठेवून आहेस असं समजू?

राग गिळून वाटी दिव्यासमोर धरली. तोच रंग. कसं सांगू, बघितल्यावर आपली घाई कमी झाली. बाबा म्हणाले, "हां. हा तारा." टाकीचं नाव नाही काढलं.

मग वाटी पालथी केली आणि माझं मलाच थोबाडीत मारावंसं वाटलं. बाहेरचा भाग गुळगुळीत, रंग सगळा आतून. पारदर्शक काम आपण कायम आतूनच रंगवत आलो! आणि मी बाहेरून थापत बसले होते, भिंत असल्यासारखी. तुझं तू करायचीस, मी तिकडे पाठ करून लेथवर असायचे, त्याचं हे फळ.

तुझ्या नारिंगीत काळपट डाग आहेत. मला वाटलं काम करताना काही सांडलं. दुर्बीणबाईंना दाखवले तर त्या उडाल्याच. "हे कुणी केलं? ताऱ्यावर असे डाग असतात, थंड जागा असतात त्या. मी तुम्हाला सांगणारच होते. यांना कसं कळलं?" मी म्हटलं, "माझी बहीण आहे." काय अभिमानाने म्हटलं, ते ऐकायला तू नव्हतीस.

म्हणजे तू माझी पत्रं वाचतेस, आणि वाचून वर ताऱ्यांचा अभ्यासही करतेस. उत्तर तेवढं देत नाहीस. धन्य आहेस.

ताई


९ मार्च

बारके,

गोळ्याचा भोपळा खरवडून, पॉलिश करून पुन्हा कोरा काचेसारखा केला. खांदे गेले माझे. आता आतून रंगवायचा. आणि आतून रंगवताना क्रम उलटा, हे तुझ्या वाटीने मला शिकवलं. बघणाऱ्याला जे सगळ्यात आधी दिसायचं ते सगळ्यात आधी लावायचं. आधी डाग, मग नारिंगी. एकदा नारिंगी बसला की डाग घालता येत नाही.

डाग मी ब्रशने घालून पाहिले. माश्या बसल्यासारखे दिसले. पुसले. स्पंजने घातले, चिखल उडाल्यासारखे. पुसले. दुर्बीणबाई माझ्या मागे उभ्या राहून उसासे टाकत होत्या, त्याने तर माझा जीव नकोसा झाला. शेवटी त्या म्हणाल्या, "त्या हृदयाच्या झाकणात होते ना, तसे का नाही करत? अंगठ्यांचे? कडेला फिकट, मध्ये गडद, आत बारीक रेघा. खरे डाग बरेचसे तसेच दिसतात."

मला आधी राग आला. अंगठे आतले असतात, शेवटचे असतात, कुणाला दाखवायचे नसतात. इथे ते सगळ्यांत पहिले लागणार आणि दिवा लागला की पोरंबाळं बोट दाखवून बघणार. बाबांना विचारलं. त्यांनी विचार केला नाही, सरळ तपकिरी रंगाच्या ताटलीत अंगठा बुडवला आणि गोळ्याच्या वरच्या वाटीच्या आत दाबला. मी माझा दाबला. दिवा लावून पाहिला. बारके, डाग दिसले गं. अगदी तुझ्या वाटीतल्यासारखे.

तिसरा हवाच होता. बाईंनी काढून दिलेल्या डागांच्या नकाशात तीन आहेत. मी ताटली उचलून ठेवणार तेवढ्यात बाबांनी पुन्हा अंगठा बुडवला आणि वाटीकडे नेला. मी त्यांचं मनगट धरलं. ते चिडले. "सोड! धाकटीचा अंगठा राहिलाय."

आता ऐक. तू विचारलं नाहीस, तरी सांगते. मूग गिळून गिळून माझं पोट फुगलंय.

कानाचं झाकण मी लावलं नाही. बाबांनी लावलं. तू वार्निश आणायला गेली होतीस, मी बाहेर टेम्पोवाल्याशी हुज्जत घालत होते. आत आले तर झाकण बसवलेलं, चिकटवलेलं, बाबा हात पुसत होते. म्हणाले, "झालं, तिन्ही अंगठे झाले." त्यांनी स्वतःचा एकदा लावला आणि तुझ्या जागी पुन्हा स्वतःचाच लावला. त्यांना खरंच वाटत होतं की तुझा लागलाय. मला आधी कळेचना. मग त्यांच्या डोळ्यांत पाहिलं आणि कळलं. टेम्पो दारात हॉर्न वाजवत होता. तेवढ्यात तू आलीस, विचारलंस, आणि मी म्हटलं, "राहिला." बाबांसमोर दुसरं काय म्हणणार होते?

संध्याकाळी त्यांना आपसूक आठवलं. दोन्ही हातांनी तोंड झाकून बसले. म्हणाले, "धाकटीला सांगू नकोस. तिला वाटेल बाप कामातून गेला." मी वचन दिलं. तू रागावून गेलीस तरी वचन पाळलं. वाटलं, आठवड्याभरात तुझा राग उतरेल. मला काय माहीत, तू थेट दुसऱ्या गावात नोकरी धरशील?

आता वचन घेणाऱ्यालाच वचन आठवत नाही. वर ते दिवसभर, येईल त्याला, पोस्टमनला, टेम्पोवाल्याला, दुर्बीणबाईंना तेच सांगतात: "धाकटीचा अंगठा राहिलाय." पहिल्या पत्रात लिहिलं होतं ना, एकच गोष्ट पुन्हापुन्हा विचारतात? ती हीच: "धाकटीचा अंगठा झाला का?" मी रोज "होईल" म्हणते. दुपारी म्हणते, जेवताना म्हणते, दात घासताना म्हणते. माझा जीव मेटाकुटीला आलाय. काल मी त्यांच्यावर ओरडले. थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "ओरडणार नसशील तर विचारू?" मला रडू आलं, बारके.

डॉक्टर म्हणतात हे वाढत जाणार. आज त्यांना तुझा अंगठा आठवतो. उद्या नुसती तू आठवशील, परवा काय ते मला माहीत नाही. मला तारा एकटीने पुरा करता येईल. तिसरा डाग माझ्याही अंगठ्याने होईल, कुणाला कळणार नाही. पण त्यांना दिव्याच्या उजेडात तुझा अंगठा दाखवायचाय मला, त्यांना तो ओळखता येतोय तोवर.

म्हणून ये. काम म्हणून नाही, नुसती ये. मी वाटी तशीच ठेवलीये, नारिंगी घातलेला नाही.

ताई


१६ मार्च

बारके,

हे पत्र पोस्टाने येणार नाही. तुमच्या दरवानाच्या हातून वर पाठवतेय. मी खाली आहे. रुग्णालयाच्या दारातल्या बाकावर. तुझी वाट बघून बघून डोळे दुखले तेव्हा दुर्बीणबाईच म्हणाल्या, "तुम्ही का जात नाही?" मी म्हटलं, "मी कारखाना सोडून कुठे जात नाही." त्यांनी एक चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांना डोळ्यांवर चष्मा लावलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. म्हणाल्या, "मोठासुद्धा हलतो हो. मॉडेल तुम्हीच केलंय ना?"

कपाळावर हात मारला आणि निघाले.

प्रवासाचं विचारू नकोस. वरची वाटी चादरीत गुंडाळून मांडीवर, कुणी धक्का दिला की मी भांडायला तयार. बाबांना दाराशी सांगितलं, ग्रह घरी राहू दे, त्याचं इथे काही काम नाही. ऐकतात होय! पिशवीत घालून छातीशी धरून बसले. शिशाने भरलेला, तुला कल्पना येईल किती जड. वाटेत एका बाईने विचारलं, "आजोबा, यात काय आहे?" म्हणाले, "ग्रह." ती म्हणाली, "कुणाचा?" बाबा म्हणाले, "धाकटीचा." मी खिडकीबाहेर बघितलं.

इथे आल्यावर दरवानाला तुझं वर्णन केलं, बुटकी, नाकावर राग, बोटांना रंग. त्याने लगेच ओळखलं. म्हणाला, "त्यांची पाकिटं मीच त्यांना देतो. त्या उघडायच्या आधी वास घेतात." मी माझी बाही हुंगून पाहिली. वार्निश, तेल, रेझिन. मला तर कधी जाणवत नाही.

म्हणजे इतके दिवस पत्रांचा वास घेत बसलीस आणि उत्तर दिलं नाहीस. तुझ्यापुढे हात टेकले मी.

मागच्या पत्रातलं सगळं खरं आहे. नाराज असलीस तर खाली येऊन नाराज हो, मी समोर बसलीये. ताटली, तपकिरी रंग आणि कापडाचा बोळा पिशवीत आहे. वाटीत दोन डाग आहेत, तिसऱ्याची जागा खडूने आखलीये. त्याच्या आधी नारिंगी चढणार नाही, आणि तो तूच चढवायचास, माझ्या हातचा भोपळा संग्रहालय दुसऱ्यांदा घेणार नाही. दालन मार्चअखेर उघडतंय. हवं तर रंगाचं काम इथेच कर, तिकडे मी मोटार सांभाळते, बाबा ग्रह सांभाळतात.

बाबा मघापासून दारातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बाईकडे बघतायत. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या एका बाईंना म्हणाले, "तू नव्हेस. ती याहून बारकी." मी त्या बाईंची माफी मागितली. आता माझा हात धरून विचारतायत, धाकटीचा अंगठा झाला का? मी म्हटलं, "होईल, बाबा. आत्ता होईल."

मला पुन्हा खोटं पाडू नकोस. अंगठा घेऊन खाली ये.

ताई